तती जाऊन करतेत का?

बाबांनी विचारलं, "तती जाऊन करतेत का मानसं?"

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, 'तती' म्हणजे तिथं आणि 'काय'चं 'का' होतं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पश्चिमेकडच्या वाचकांना वाटेल, बाबा हो-नाहीचं उत्तर मागत होते. त्यांना हो-नाही नको होतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हलका धान कापणीला आलेला, मजूर मिळायची मारामार, आणि साकोलीहून आलेली लेक नवऱ्याला नि पोट्ट्याला घेऊन रविवारी सकाळी कुठं निघाली, तर निसर्ग परिचय केंद्रात. 'परिवारासह निसर्गफेरी, सकाळी साडेसहा वाजता' असा मेसेज आला होता, तो मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो नीट ऐकला, विडी विझवली आणि मग हा प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "फिरतात. बघतात."

"बघतेत का?"

"पाखरं, झाडं, फुलपाखरं."

बाबांनी समोरच्या बांधीकडं, म्हणजे धानाच्या वावराकडं, हात केला. तिथं बगळे होते, कोतवाल पक्षी होता, बांधावर पळस होता. पुढं काही बोलले नाहीत. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर हा लेख लिहायला बसले तरी धड सुचलेलं नाही.

केंद्राचं नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेलच. गोंदिया जिल्ह्याच्या आमच्या भागात, नवेगावबांधच्या आसपास, एका मामा तलावाच्या (हा मामा कोण, ते पुढं येईल) पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, तीन खोल्या आणि एक पडवी आहे. पहिल्या खोलीत फायबरचा वाघ. त्याचा एक डोळा मूळचा असावा, दुसरा कुणीतरी नंतर बसवलाय, त्यामुळं वाघ जरा तिरळा बघतो. दुसऱ्या खोलीत प्लास्टरमध्ये घेतलेले पंजाचे ठसे आणि बरण्यांमध्ये वाळलेली विष्ठा: अस्वलाची, बिबट्याची, सायाळीची. लहान मुलं वाघापेक्षा इथंच जास्त रमतात. तिसऱ्या खोलीत भिंतीवर बटणं आहेत; बटण दाबलं की पक्ष्याचा आवाज येतो. बारापैकी पाच बटणं चालतात. पोट्ट्यानं बाराही दाबून खात्री केली.

बाहेर अर्थातच सेल्फी काढायची जागा आहे. दोन पंख रंगवलेली भिंत, मध्ये उभं राहायचं. पहिल्या रविवारी आमच्याबरोबर आलेल्या एका कुटुंबानं तिथं पाऊण तास घालवला, "वाघ दिसण्याची गॅरंटी आहे का?" असं विचारलं, नाही म्हटल्यावर चिवड्याची पिशवी फोडली आणि फेरी सुरू व्हायच्या आत ते निघून गेले. रिकामी पिशवी पंखांखाली राहिली. मी त्यांना नावं ठेवणार होते, पण गाडीत बसताना नवऱ्यानं मला हळूच विचारलं होतं, "पण वाघ दिसेल ना?" म्हणून गप्प बसले.

बाबांचा प्रश्न मला एवढा का लागला, याचा विचार मी त्या फेरीतच करत होते. लागायचं कारण, तो माझाही प्रश्न होता. आमच्या घरात कुणी कधी कुठं 'बघायला' गेलेलं नाही. बघणं हे कामाच्या पोटात असायचं. जंगलात जायचं ते मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (रानातली अळंबी) आणायला. तलावावर जायचं ते बैल धुवायला, नाहीतर शिंगाडे घ्यायला. एप्रिलमध्ये पहाटे साडेतीनला आई मला उठवायची. मोहाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशीच झाडून ठेवलेला असायचा, आणि त्या स्वच्छ मातीवर फुलं टपटप पडत असायची. ओलसर, फिकट, बोटाच्या पेराएवढी. टोपली भरेपर्यंत मान वर करायची नाही. डोळ्यांसमोर फक्त फुलं आणि माती. मोहाच्या शेंड्यावर त्या वेळी काय चालू असतं, हे मी वयाच्या चाळिशीपर्यंत पाहिलं नव्हतं. वटवाघळं असतात, आणि उजाडल्यावर पिवळ्या पायांचे हरियाल येतात, आपल्या राज्याचा पक्षी. माझ्या डोक्यावर ती सगळी मंडळी जेवत होती आणि मी खाली त्यांचं उष्टं वेचत होते, हे मला केंद्रातल्या भिंतीवरच्या एका चित्रावरून कळलं. जरा अपमानच वाटला.

आम्ही खाली बघणारी माणसं. रोवणी खाली बघून, निंदण खाली बघून, कापणी खाली बघून. वर बघायचं ते फक्त ढगाकडं, आणि तेही शिव्या घालायला.

त्या दिवशीची फेरी घेणारी मुलगी असेल बावीस-तेवीस वर्षांची. जवळच्याच गावची, मासेमार ढिवराच्या घरातली. अंगात वनखात्यासारखा खाकी शर्ट आणि पायांत साध्या चपला. सगळे तिला 'ताई' म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागले, ती माझ्या निम्म्या वयाची असून. पहिल्या अर्ध्या तासात तिनं आम्हाला जंगलात नेलंच नाही. केंद्रामागच्या फुलपाखरांच्या बागेत लिंबाच्या एका झाडापाशी उभं केलं आणि म्हणाली, "याच्यावर पाच जण बसलेत. शोधा."

आम्हाला एकही दिसेना. पोट्ट्याला पानावर पाखराची विष्ठा तेवढी दिसली. ताई म्हणाली, "हात लाव."

ती विष्ठा नव्हती, अळी होती. तपकिरी, मधे पांढरा पट्टा, वरून ओलसर चकचकीत. बघणाऱ्याला शिसारी यावी आणि खाणाऱ्यानं तोंड फिरवावं, एवढ्यासाठीच घेतलेलं सोंग. तिच्याच शेजारच्या फांदीवर तिची मोठी बहीण होती, हिरवीगार, पानाच्याच रंगाची, आणि छातीपाशी डोळ्यांसारखे दोन खोटे ठिपके. ताईनं काडीनं तिला हळूच टोचलं. अळीच्या डोक्यामागून एकदम नारिंगी रंगाची दुभंगलेली जीभ बाहेर आली, सापाच्या जिभेसारखी, आणि सडक्या लिंबाचा उग्र वास सुटला. दोन सेकंदांत जीभ आत. पोट्टा मागं सरकून माझ्या पायावर उभा राहिला.

"ती जीभ नाही," ताई म्हणाली. "तिचं वासाचं हत्यार आहे. मुंग्या-पाखरांना हाकलायला."

२०१५ साली ब्लू मॉर्मन हे आपल्या राज्याचं फुलपाखरू झालं, तेही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर अंडी घालतं, वगैरे तिनं सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. पोट्ट्यानं काहीच लिहिलं नाही. तो तासभर त्या झाडापाशीच होता. बाकीची फेरी, म्हणजे सागाची पानं, वारुळं आणि नीलगाईच्या लेंड्या, आम्ही दोघांनी त्याच्याशिवाय केली.

घरी परतल्यावर व्हायचं तेच झालं. आईच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड आहे. त्यावर तीन अळ्या निघाल्या. त्या दुपारी बाबा रोजच्या सवयीनं झाडापाशी गेले, दोन बोटांत पहिली अळी धरून चुरडली, आणि दुसरीला हात घालणार तोच पोट्टा किंचाळला. बाबा दचकले. आयुष्यभर ते धानाच्या खोडकिडीशी, तुडतुड्यांशी, लष्करी अळीशी झगडत आलेत. लष्करी अळी एका रात्रीत बांधीच्या बांधी साफ करते, हे त्यांनी सोसलंय. अळीसाठी रडणारं पोर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

"आबाजी, ती फुलपाखरू होणार आहे!"

"झाड खाऊन होनार."

तह असा झाला की दोन अळ्या राहतील, तिसरी आल्यास बाबांची. आम्ही साकोलीला निघालो. आठवड्यानं आईचा फोन आला, दोन्ही अळ्या गायब आहेत. बाबांनी केलं की कोतवालानं, हे तिला माहीत नव्हतं. पोट्ट्यानं मात्र फोनवरच निकाल दिला: कोश करायला दुसऱ्या झाडावर गेल्या. मी त्याला दुजोरा दिला. अळ्या कोश करायला कधी कधी जागा बदलतात, एवढं खरं आहे.

नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आम्ही चुकवला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा; या दोन तारखांच्या मधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला अनेक वर्षं होते, त्यामुळं आमच्याकडं या आठवड्याला जरा घरचं कार्य असल्यासारखी किंमत आहे. पण दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक, आणि नाटक बघून पहाटे साडेसहाला पक्षी बघायला जाणारा माणूस मला अजून भेटायचाय.

जानेवारीत मात्र बाबा आले. स्वखुशीनं नाही. गाडी घेऊन आम्ही गावावरून जाणार होतो, त्यांना वाटेत एका नातेवाइकाकडं लाखोरीचं बियाणं द्यायचं होतं, नातेवाईक घरी नव्हता, आणि परत सोडायला वेळ नव्हता. अशा रीतीनं कानटोपी, मफलर आणि बियाण्याचं गाठोडं घेऊन बाबा पाणपक्षी गणनेत दाखल झाले.

ही गणना दरवर्षी जानेवारीत आशियाभर होते. एकाच सुमारास जागोजागची माणसं आपापल्या तलावावरचे पक्षी मोजतात. आमच्या त्या तलावावर त्या सकाळी पंधरा-सोळा माणसं होती, त्यात सहा मुलं. धुकं इतकं की पाळीवर उभं राहिलं तर पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ताई म्हणाली, "धुकं उठेपर्यंत दहा मिनिटं बसूया. कुणी बोलायचं नाही. मोबाइल खिशात."

दहा मिनिटं किती मोठी असतात! पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांचे घसे खवखवले. कुणाच्या तरी पिशवीत मुरमुरे वाजले. तिसऱ्या मिनिटाला माझ्या डोक्यात पतसंस्थेचं ऑडिट सुरू झालं. मग केव्हातरी, पाचव्या मिनिटाला असेल, पाण्यावर शीळ उठली. एक, मग दहा, मग शंभर. अडई बदकं. त्यांची शीळ दोन सुरांची असते, लहान पोरानं नुकतीच शिकलेली असावी तशी. धुक्यात त्या शिळा उजवीकडून डावीकडं सरकल्या, पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, आणि पक्षी एकही दिसला नाही. माझ्या शेजारी पोट्टा तोंड उघडं ठेवून वर बघत होता. वर बघण्यासारखं काहीच नव्हतं, पांढरं धुकं फक्त.

बाबांकडं बघावं म्हणून मान वळवली तर बाबा जागेवर नव्हते.

धुकं उठलं तसा तलाव उघडा झाला. मधोमध काळ्या ठिपक्यांची चादर, ते वारकरी, कपाळावर पांढरा टिळा असलेले. पलीकडं तलवार बदकं, शेपटीचा दांडा वर करून. कमळाच्या पानांवर लांब बोटांचे कमळपक्षी. उथळ पाण्यात मुग्धबलाक, ज्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. त्या फटीचा उपयोग गोगलगायी पकडायला. आणि एका कोपऱ्यात वेगळे बसलेले नऊ पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले. एवढ्या लांबून येऊन चिखलात उभे होते, आणि तोंडावर अजिबात काही भाव नाही.

मोजायचं कसं, तर एकेक मोजायचं नाही. दहांचा एक घोळका डोळ्यांत बसवायचा आणि तशा आकाराचे किती घोळके, ते बघायचं. हे ऐकून मला बाबांची आठवण झाली. खळ्यात पुंजणं, म्हणजे रचून ठेवलेले धानाचे भारे, बघून ते किती खंडी धान निघेल ते सांगतात, आणि सहसा चुकत नाहीत. मी त्यांना शोधायला गेले. ते पाळीच्या दुसऱ्या टोकाला, तुडुमापाशी उकिडवे बसले होते.

तुडुम म्हणजे तलावातून शेतात पाणी सोडायची मोरी. पाळ, तुडुम, आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सलंग, या तीन गोष्टींवर आमच्याकडचा तलाव उभा असतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत आणि त्यांतले बरेच कोहळी समाजाच्या लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी बांधले. पुढं ते मालगुजारांकडं, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडं, आले, मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडं आले, आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. मामा म्हटलं की लाड व्हायला हवेत. या मामांचे कुणी केलेले नाहीत. गाळ भरलाय, पाळीवर बेशरमाची झुडपं माजलीत, दुरुस्तीचं काम कुणाचं यावर कागद फिरत राहतात.

"पानी झिरपते हो," बाबा मला म्हणाले. तुडुमाच्या बाजूनं बोटभर धार पाळीच्या मागं जात होती. "आज बोटाएवढी हाय. दोन पावसाळ्यात मांडीएवढी होईल. मंग पार गेली."

मी म्हटलं, "बाबा, पक्षी मोजायला या."

आले. पाळीवर उभं राहून त्यांनी तलावावरून नजर फिरवली, पुंजण्यावरून फिरवतात तशी, आणि म्हणाले, "दीड हजार."

ताईच्या आणि दुसऱ्या दोघांच्या हिशोबात सातशेच्या आतबाहेर आकडा आला. बाबांनी उडालेली अडई परत आल्यावर दुसऱ्यांदा धरली होती, असं ताईनं फार नम्रपणे सांगितलं. बाबांनी ते मानलं नाही. "पाखरं मोजली का कुनी आजवर? अंदाजच तो," असं गाडीत बसेपर्यंत म्हणत राहिले. दुर्बिणीला त्यांनी डोळा लावला तो एकदाच, पलीकडच्या शेतात सारस दिसतात का ते बघायला. दिसले नाहीत. "बरं झालं," म्हणाले. "एका साली त्यायनं माझे पऱ्हे तुडवले होते." महाराष्ट्रात सारस म्हणजे मुख्यतः आमचा गोंदिया जिल्हा, लोक लांबून कॅमेरे घेऊन येतात, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच असा हा पक्षी बघायला. पण धानाचे पऱ्हे तुडवले गेले तर रोवणीला रोपं कुठून आणायची, हे कॅमेऱ्यात येत नाही.

डबा आम्ही केंद्राच्या पडवीत खाल्ला. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे, भात. ताईला बोलावलं. ती म्हणाली, तिचे वडील याच तलावात मासे धरतात. "तुम्हाला पक्षी आवडायला लागले तेव्हा त्यांनी काय म्हटलं?" मी विचारलं. ती हसली. "म्हणाले, पगार किती देतात?"

उन्हाळ्यात आम्ही गेलो नाही. पंचेचाळीस अंशांत निसर्गाला सुट्टी द्यावी, असं माझं मत आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं बघण्याचा कार्यक्रम व्याघ्र प्रकल्पात असतो. नवऱ्याला फार हौस होती, पण ते कुटुंबाचं काम नव्हे. पोट्टा रात्रभर गप्प बसणार नाही आणि मी रात्रभर लघवी रोखून धरणार नाही.

मग नागपंचमीच्या आदल्या रविवारचा संध्याकाळचा कार्यक्रम. रोवणी आटोपली होती. बाबा गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला साकोलीला आमच्याकडं आलेले. त्यांना गावी सोडायचंच होतं. वाटेत केंद्र. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "तुडुम बुजवला का त्यायनं?"

विषय साप होता. बरं वाटलं ते असं, की कुणी साप धरून आणला नव्हता, गळ्यात घालून दाखवला नव्हता. भिंतीवर पांढरं धोतर ताणून त्यावर चित्रं, आणि हातात फिरवायला सापाची कात. गावातल्या बायका बऱ्याच आल्या होत्या, पोरांना घेऊन. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास.

ताई म्हणाली, चारच ओळखा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. माणसं मरतात ती बहुतेक या चारांनी. मग ती मण्यारवर थांबली. काळा-निळसर, अंगावर पांढरे बारीक कडे, बहुतेक जोडीजोडीनं. तसाच दिसणारा कवड्या साप बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारचे डोक्यापासून थोडे मागं सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. मण्यार रात्री हिंडतो. घरात येतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावलेलं डास चावल्यासारखं वाटतं, सूज येत नाही. माणूस उठतो तो पोट दुखतं म्हणून. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. मग श्वास.

माझी काकी अशीच गेली. मी चौथीत होते. श्रावणच होता. ती जमिनीवर झोपायची, आम्ही सगळेच झोपायचो. रात्री दोनला पोटात दुखतं म्हणून उठली. कंदील धरला तर गोधडीखालून साप निघाला. कुणीतरी तो मारला. आधी तिला शेजारच्या गावी मांत्रिकाकडं नेलं, पहाटे दवाखान्यात नेलं, तिथं इंजेक्शन नव्हतं, पुढच्या दवाखान्यात न्या म्हणाले. पुढचा दवाखाना आला नाही. तिचे डोळे मिटत चालले होते आणि ती झोपतेय म्हणून आजी तिच्या गालावर थापट्या मारत होती, हे मला अजून दिसतं.

"साप चावला तर दोरी बांधायची नाही," ताई म्हणाली. "कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि सरळ दवाखाना. औषध एकच, प्रतिसर्पविष, ते दवाखान्यातच मिळतं. आणि खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री बाहेर निघाल तर बॅटरी."

मागून आवाज आला, "बांधलं त मंग का होते?"

बाबा उभे राहिले होते. कानटोपी नव्हती, हातात कात होती, फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलेली.

"दादाजी, दोरीनं विष थांबत नाही," ताई म्हणाली. "रक्त थांबतं. पाय काळा पडतो. आणि दोरी बांधली की घरच्यांना वाटतं, आता थोडा वेळ आहे. त्यात उशीर होतो."

"हं," बाबा म्हणाले आणि बसले.

काकीच्या पायाला दोरी त्यांनीच बांधली होती. खाटेची सुतळी. घट्ट, दोन गाठी मारून. मी तिथंच उभी होते. त्या रात्री घरात तेवढं एकच माणूस काहीतरी करत होतं, बाकी सगळे रडत होते.

मी मागं वळून बघितलं नाही. कात पुढच्या माणसाकडं गेली. पोट्टा मण्यारचे पट्टे वहीत काढत होता, शेपटीपर्यंत नीट, आणि मला विचारत होता की पांढरा रंग पांढऱ्या कागदावर कसा द्यायचा.

कार्यक्रम संपला तेव्हा पाऊस थांबला होता. बेडूक इतके ओरडत होते की गाडीचा हॉर्न द्यायची सोय नव्हती. बाबा दिसेनात. केंद्राच्या मागं पाळीवर एक उजेड हलताना दिसला. मी चप्पल हातात घेऊन चढले. ताईची बॅटरी मागून घेऊन बाबा तुडुमापाशी बसले होते, दुखरा गुडघा बाजूला लांब करून. पोट्टा त्यांच्या मागोमाग आला होता आणि उजेडात आलेल्या पतंगांकडं मान वर करून बघत होता.

तुडुम बुजवला होता. ताजी माती दिसत होती. बाबांनी तिच्यातला एक गोळा उचलला, बोटांत चुरला, नाकाशी नेला, पुन्हा चुरला.

"बरडी टाकली," ते म्हणाले. "येथी कन्हार पायजे होती." बरडी म्हणजे मुरमाड माती, कन्हार म्हणजे काळी, चिकट.

आणि तो गोळा बाजूला ठेवून ते दुसऱ्या हातानं, अंधारात, धार अजून लागते का ते चाचपू लागले.